पाउंड गुणिले ११५

आपल्या कॉलेजात सध्या कुठल्याही विषयावर बोलणं सुरू करा, दहा मिनिटांत ते पैशांवर येतं आणि पुढच्या पाच मिनिटांत परदेशावर. कोणाचा भाऊ स्विंडनला, कोणाची आंटी लिस्बनला, कोणाचे पप्पा कुवेतला, नाहीतर बोटीवर. गोव्यात, त्यातही आम्हा कॅथलिक घरांत, बाहेर कोणीच नसेल तर लोक आश्चर्याने बघतात. मग ते ठरलेलं गणित सुरू होतं: तिकडचा पगार गुणिले ११५. उत्तर लाखांत येतं. त्याच्या शेजारी इथला पगार ठेवायचा, पंधरा हजार किंवा अठरा हजार. संपला विषय.

या गणितावर माझा आक्षेप आहे. "जाऊ नका" असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. बाहेरच्या पैशांवर उभी राहिलेली घरं आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत आणि त्या घरांतल्या मुलांच्या फिया त्याच पैशांतून भरल्या गेल्या. माझं म्हणणं एवढंच की हे गणित अर्धवट आहे, आणि अर्धवट गणितावर आपल्यातले कितीतरी जण पासपोर्ट बदलण्याएवढा मोठा निर्णय घेतात. दोन देशांतला घरखर्च शेजारी-शेजारी मांडायचाच आहे ना? मग नीट मांडू या. मी साहित्याची विद्यार्थिनी, अर्थशास्त्राची नाही. पण जमाखर्चाची वही हाही एक मजकूरच असतो आणि मजकुरात जे लिहिलेलं नाही तेही वाचायचं असतं, हे आपण सगळेच तीन वर्षं शिकतो आहोत.

आधी, जे लिहिलेलं आहे ते.

दोन लाखांचे बेचाळीस हजार

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात २१ वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला तासाला कमीत कमी १२.२१ पाउंड द्यावे लागत होते. मी स्वतः २१ वर्षांची, म्हणजे हा आकडा माझाच. आठवड्याचे ४० तास धरले तर महिन्याला सुमारे २,११६ पाउंड होतात. हे सगळे हातात येत नाहीत. वर्षाला १२,५७० पाउंडांपर्यंत आयकर नाही, त्यापुढच्या कमाईवर २० टक्के. नॅशनल इन्शुरन्सचे ८ टक्के वेगळे, पेन्शनची कपात वेगळी. सगळं वजा जाता हातात साधारण १,७५० पाउंड राहतात. गुणिले ११५ केले की तरीही दोन लाख रुपये होतात, आणि आपण तिथेच थांबतो.

माझा एक मावसभाऊ तिकडे गोदामात काम करतो. त्याने मला त्याचा एक महिना जसाच्या तसा सांगितला:

खोलीभाडं, वीज, गॅस आणि कौन्सिल टॅक्सचा वाटा धरून: ६२० पाउंड
किराणा आणि बाहेरचं खाणं: २२० पाउंड
बस: ८० पाउंड
फोन: १५ पाउंड
कपडे, औषधं, किरकोळ: १०० पाउंड
घरी पाठवलेले: ३५० पाउंड
उरले: ३६५ पाउंड

"खोलीभाडं" म्हणजे घरभाडं नव्हे हं. चार जणांच्या घरातली एक खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. कौन्सिल टॅक्स म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, पण तिकडे तो घरमालक भरत नाही, राहणारा भरतो. उरलेल्या ३६५ पाउंडांचे बेचाळीस हजार रुपये होतात. वाईट आहेत का? अजिबात नाही. इथे पदवी घेऊन पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलाला पूर्ण पगारही तेवढा मिळत नाही. पण कँटीनमध्ये आपण बोलतो दोन लाखांबद्दल, आणि घरी आईवडील स्वप्नं बघतात तीही दोन लाखांची.

गुणाकार चुकतो कुठे? पगार पाउंडात मिळतो आणि खर्चही पाउंडातच होतो. जेवढा पैसा विमानात बसून गोव्याला येतो, तेवढ्यालाच ११५ ने गुणायचं. बाकीचा तिकडेच संपतो आणि त्याचा भाव तिकडच्या भाजीपाल्यावर ठरतो. जागतिक बँक वेगवेगळ्या देशांतले भाव गोळा करून पैशाच्या क्रयशक्तीची तुलना करते. त्या हिशेबाने इंग्लंडात एका पाउंडात जेवढं विकत घेता येतं, तेवढ्याला भारतात साधारण ३० रुपये पुरतात. म्हणजे १,७५० पाउंडांत तिकडे राहणारा माणूस इथे महिन्याला पन्नास-बावन्न हजारांत राहणाऱ्या माणसासारखा राहतो. फरक आहे, पण तो तेरापट नाही, साडेतीनपट आहे.

तासांचा हिशेब

मला यापेक्षाही सोपी पद्धत आवडते. पैसे विसरा, तास मोजा. इथे १५,००० रुपये पगार, महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास. म्हणजे एका तासाला ७२ रुपये. माझ्या मावसभावाच्या हातात एका तासाला सुमारे १० पाउंड येतात. आता एकेक वस्तू घ्या.

आयफोन १६ बाजारात आला तेव्हा भारतात त्याची किंमत ७९,९०० रुपये होती, ब्रिटनमध्ये ७९९ पाउंड. इथल्या मुलाने त्यासाठी अकराशे तास काम करायचं, म्हणजे पाच महिन्यांहून जास्त, तेही न जेवता. तिकडच्या मुलाने ८० तास, म्हणजे दोन आठवडे. एक लिटर दूध इथे पाऊण तासाच्या पुढे जातं, तिकडे चार-पाच मिनिटांत. गॅसचा सिलिंडर इथे जवळजवळ बारा तासांची मजुरी खातो.

हे वाचून कोणी बॅग भरायला घेतली असेल तर जरा थांबा. केस कापायचा हिशेब बघा. इथे दीडशे रुपये, म्हणजे दोन तास. तिकडे साध्या दुकानात पंधरा पाउंड, म्हणजे दीड तास. फरक जवळपास नाहीच. का? कारण फोन जगभर फिरतो आणि साधारण एकाच भावाने विकला जातो, पण केस कापणारा माणूस विमानातून येत नाही. त्याच्या तासाचा भाव त्याच्या गावात ठरतो. म्हणून ज्या देशात मजुरी जास्त तिथे वस्तू स्वस्त वाटतात आणि माणसं महाग. आपल्याकडे उलट: माणसं स्वस्त, वस्तू महाग. नळ दुरुस्त करणारा, कपड्याला टाका घालणारा, पहाटे सायकलवर हॉर्न वाजवत दारात पाव आणून देणारा पोदेर, हे सगळं इथे परवडतं कारण त्यांच्या तासाला आपण थोडे पैसे देतो. "गोव्यात स्वस्ताई आहे" या वाक्याचा अर्थ लावला तर तो हाच निघतो: इथे कोणाचा तरी तास स्वस्त आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते परत लागणार आहे.

स्टुडंट व्हिसाचा हिशेब सरकारनेच करून ठेवलाय

आपल्यातले जे पुढच्या शिक्षणासाठी जाऊ बघतात, त्यांनी एक आकडा पाठ करावा. ब्रिटिश सरकारच्या जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमानुसार विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासाठी लंडनबाहेर महिन्याला १,१३६ पाउंड आणि लंडनमध्ये १,४८३ पाउंड, नऊ महिन्यांपर्यंतचे, बँकेत दाखवावे लागत होते. फी वेगळी. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करायची परवानगी असते. करा गुणाकार: २० तास, १२.२१ पाउंड, महिन्याचे साधारण ४.३३ आठवडे. आले सुमारे १,०५८ पाउंड. म्हणजे एकही तास न चुकवता काम मिळालं तरीही, सरकारने स्वतः ठरवलेला कमीत कमी खर्च भागत नाही. सुट्टीत जास्त तास करता येतात हे खरं. पण "तिकडे काम करून फी काढीन" असं जे एजंट सांगतात, त्यांना हा गुणाकार समोर बसून करायला लावा.

आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनीही एक तारीख ध्यानात ठेवावी. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमधली युरोपीय नागरिकांची मुक्त ये-जा संपली. जे त्याआधी जाऊन राहिले त्यांचं ठीक. आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट स्विंडनला कामाला लागता येत नाही. तो पासपोर्ट पोर्तुगालला किंवा युरोपीय संघातल्या इतर देशांत चालतो. पोर्तुगालमधलं किमान वेतन २०२५ मध्ये महिन्याला ८७० युरो होतं, वर्षाला १४ पगार. लिस्बनमध्ये त्यातला निम्मा किंवा अधिकच पैसा एका खोलीला जाऊ शकतो. तरीही मोठा भाऊ २०१५ ला गेला म्हणून धाकटा २०२६ ला जायला बघतो, आणि घरात हिशेब मात्र मोठ्या भावाचाच चालू असतो.

कोऱ्या ओळी

आता जे वहीत लिहिलेलं नसतं त्याकडे येऊ.

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक गोष्ट मांडली: घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला जेवणाचा हिस्सा मोठा. आजही ते खरं आहे. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत माणशी मासिक खर्च खेड्यांत ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये निघाला. त्यात जेवणाचा वाटा खेड्यांत सुमारे ४७ टक्के आणि शहरांत सुमारे ४० टक्के. ब्रिटनमध्ये घरात आणलेल्या खाद्यपदार्थांवरचा खर्च याच्या मानाने फारच कमी, साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास.

पण या पाहणीत एक गंमत आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचं घरभाडं त्या माणशी खर्चात धरत नाहीत. म्हणजे आजोबांनी बोटीवर नोकरी करून बांधलेल्या घरात जे राहतात, त्यांच्या राहण्याचा खर्च शून्य. परसातल्या नारळाच्या झाडाखाली उभे राहिलो तर आपल्याला तो खर्च दिसत नाही. मावसभावाच्या यादीतली सर्वांत मोठी रक्कम, ६२० पाउंड, आपल्या यादीत कोरी आहे. मग आपण म्हणतो, तिकडे राहणं किती महाग! महाग आहेच, पण इथेही फुकट नव्हतं. ते आजोबांनी आधीच भरून ठेवलं आहे.

कोऱ्या ओळी तिकडच्या यादीतही असतात. ब्रिटनमध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटल यांचे पैसे तिथल्या तिथे मोजावे लागत नाहीत, ते करातून गेलेले असतात. आपल्याकडे बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल आहे आणि त्याचा लाखो लोकांना आधार आहे. पण घाईच्या वेळी खाजगी हॉस्पिटलात पाय ठेवला की वर्षाची बचत एका आठवड्यात जाते. ही ओळ आपण महिन्याच्या खर्चात कधी धरतो का?

पासपोर्टची ओळ तर कोणीच लिहीत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज झालात की भारताचे राहत नाही. ओसीआय कार्ड मिळालं तरी मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गोव्यातल्या जमिनीवरून ग्रामसभांत एवढी भांडणं चालू असताना तिथे हात वर करायचा हक्क गमावणं, याची किंमत किती पाउंड लावायची?

आणि सर्वांत मोठी कोरी ओळ म्हणजे घरात राबणारी बाई. २०१९ मध्ये केंद्र सरकारने लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, महिन्याला दीडशे. वरच्या ७२ रुपयांच्या भावाने याचे १०,८०० रुपये होतात. गोवा सरकार वाढत्या महागाईला आधार म्हणून गृहिणींना गृह आधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये देतं. कमी आहेत, पण निदान एका सरकारी कागदावर तरी ही ओळ कोरी नाही.

आपल्याच अभ्यासातलं उदाहरण द्यायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" घ्या. घरात आलेला पैसा टिकत नाही आणि संसार तर चालवायचा आहे, ही ओढाताण त्या पुस्तकात जशी दिसते तशी कुठल्याही जमाखर्चाच्या वहीत दिसणार नाही. वहीत पैसे लिहितात. तो पैसा पुरवायला कोणाचा जीव किती ओढला गेला, ते बायकांनी लिहिलेल्या आठवणींत सापडतं.

तीन घरं, एक रांग

आता माझ्या माहितीतली तीन घरं सांगते. नावं सांगत नाही.

पहिलं घर इंग्लंडात. तिथे एक आंटी वृद्धाश्रमात कामाला आहेत. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठून बघणं हे काम. पगार किमान वेतनाच्या थोडासा वर. तिकडे अशा आश्रमात राहण्याचा खर्च एका माणसाला आठवड्याला हजार पाउंडांच्या वर जाऊ शकतो.

दुसरं घर साष्टीत. तिथे आंटींची आई, वय ८४. अंथरुणावरून स्वतः उठता येत नाही. त्यांच्याजवळ चोवीस तास राहायला एक बाई ठेवली आहे, महिन्याला १४,००० रुपये आणि जेवण. आंटी इंग्लंडात बारा-तेरा तास काम करतात तेवढ्यात हा पूर्ण महिन्याचा पगार निघतो.

तिसरं घर खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. ते त्या बाईचं. तिची दोन मुलं तिच्या आईजवळ राहतात. आई शेतात जाते, पोरांचं बघते, चूल पेटवते. त्या घरात कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये येतात आणि लेक गोव्याहून दहा हजार पाठवते. नातवंडं सांभाळण्याचे आजीला मिळतात शून्य.

या तिन्ही घरांतल्या बायका एकच काम करताहेत: कोणाला तरी सांभाळताहेत. इंग्लंडात त्या कामाच्या एका तासाला १२ पाउंड, साष्टीत दिवसरात्रीचे मिळून पावणेपाचशे रुपये, खानापुरात काहीच नाही. प्रत्येक घर आपल्यापेक्षा स्वस्त ठिकाणाहून माणूस आणतं आणि स्वतःची माणसं सोडून आपल्यापेक्षा महाग ठिकाणी जातं. रांग सरकत सरकत शेवटी त्या आजीपाशी येऊन थांबते, कारण तिच्यामागे कोणी नाही. मी मघाशी म्हटलं, स्वस्ताई म्हणजे कोणाचा तरी तास स्वस्त. इथे तो कोणाचा ते समोरच दिसतं.

कँटीनमधल्या आपल्या गणितात फक्त पहिलं घर असतं. आखातातल्या नोकऱ्यांतही तेच. आयकर नाही, कंपनीची खोली नाहीतर बेड-स्पेस, म्हणून बचत मोठी दिसते. ती मोठी दिसते कारण अर्धं कुटुंब गोव्यातच असतं, गोव्याच्या भावात जेवतं, आणि त्या अर्ध्या कुटुंबाचं आजारपण, परीक्षा, रुसवेफुगवे एकटी आई निभावते. तिथे बायकामुलांना न्यायचं म्हटलं की पगाराची अट आडवी येते आणि नेलंच तर बचत संपते. म्हणून मला वाटतं, आपल्या घरांत "गोवा की परदेश" अशी तुलना खरं तर नसतेच. दोन्हीकडच्या चुली एकाच वेळी पेटलेल्या असतात. खर्च दोन्ही चुलींचा मिळून धरायला हवा.

"मग इथेच राहायचं का?"

हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारणारच. आणि इथे मी दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडणार आहे. काही मोठी माणसं म्हणतात, "आजची पोरं पैशामागे धावतात, गोव्यात काय कमी आहे?" काय कमी आहे ते तासांच्या हिशेबात वर आलंच आहे. पंधरा हजारांत स्वतःचं घर असलेला मुलगा कसाबसा जगतो. भाड्याने राहणारा जगूच शकत नाही. किनाऱ्याजवळच्या गावांत भाडी पर्यटकांच्या खिशाकडे बघून ठरतात आणि पगार मात्र पोरं आईबापाकडे राहतात असं गृहीत धरून. म्हणजे इथला मालकसुद्धा आजोबांच्या घराचा आणि आईच्या स्वयंपाकाचा फायदा उठवतो. तेव्हा पोरांना लोभी म्हणण्याआधी जरा इथल्या पगाराच्या चिठ्ठ्या वाचाव्यात.

जाणाऱ्याने जावं. फक्त पूर्ण हिशेब करून जावं. संत लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला आपण चर्चमध्ये किती वेळा ऐकला आहे. आधी बसून खर्चाचा अंदाज घे, एवढंच त्यात सांगितलं आहे. बुरूज बांधू नको असं कुठे म्हटलंय?

बाहेर असलेल्यांकडेही एक मागणं आहे. फेस्ताला घरी येताना परफ्यूम आणि चॉकलेटं आणता, त्याबरोबर खरे आकडेही आणा. खोलीत किती जण राहता, थंडीत हीटर किती वेळ लावता, आठवड्यात किती रात्रपाळ्या करता, हे धाकट्यांना सांगा. त्यात कमीपणा काही नाही. उलट तुम्ही ते सांगत नाही म्हणून मागचे लोक दोन लाखांच्या आशेने रांगेत उभे राहतात. आणि घरच्यांनीही "किती पाठवणार?" हा प्रश्न विचारण्याआधी एकदा "किती उरतात?" असं विचारावं.

आपल्या मराठी मंडळाला माझी एक सूचना आहे. दर वर्षी आपण कवितावाचन करतो, कथाकथन करतो. या वर्षी एक संध्याकाळ जमाखर्च-वाचनाची ठेवू या. कोणाचंही नाव न घेता. एक हिशेब इंग्लंडचा, एक पोर्तुगालचा, एक आखाताचा, एक बोटीवरचा, एक वेर्ण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्याचा, आणि जमलं तर एक खानापूरच्या घराचा. प्रत्येक हिशेबात चार ओळी सक्तीच्या करायच्या. पहिली: हा पैसा मिळवायला महिन्याला किती तास गेले? दुसरी: घर कोणाचं, आणि ते स्वतःचं असेल तर कोणी, कधी बांधलं? तिसरी: महिन्याभरात आजारी, म्हातारे आणि मुलं यांना कोणी सांभाळलं, आणि त्या माणसाला किती मिळाले? चौथी: यात काय असं दिलं जे परत मिळणार नाही?

माझ्या बॅचमधल्या एका मैत्रिणीचे कागद सध्या लिस्बनला गेले आहेत. ती हा अंक वाचेल. तिला मी जाऊ नको म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. तिने हे चार प्रश्न स्वतःच्या वहीत लिहून काढावेत आणि उत्तरं घरच्यांबरोबर बसून भरावीत, एवढी माझी तिला विनंती आहे. तिसऱ्या प्रश्नापुढे तिची आई आपलं स्वतःचं नाव लिहिणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. ते तिने लिहावं, आणि पुढे आकडाही.